गवताचा पूल, दगडांची नगरी

पेरू म्हटले की आपल्या घरांतून लहानथोरांच्या डोळ्यांपुढे प्रथम फळच उभे राहते. ते फळही मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले, हे खरे; परंतु दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा त्या नावाचा देश आपल्याला ठाऊक असतो तो बहुधा एका चित्रापुरता. ढगांतून वर आलेले हिरवेगार शिखर आणि त्याच्या अंगाखांद्यावर छपरे हरवलेली दगडी घरे. हे माचू पिक्चू. भिंतीवरच्या दिनदर्शिकांनी आणि प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांनी हे चित्र इतके घरोघर पोहोचवले आहे की, पेरूला जायचे म्हणजे त्या देखाव्यापुढे उभे राहून आपले छायाचित्र काढून घ्यायचे, असाच समज झाला आहे. अमेरिकेत लेकी-सुनांकडे गेलेली वडीलधारी मंडळी हल्ली तिथूनच सात-आठ दिवसांत पेरू ‘करून’ येतात. चार विमाने, दोन आगगाड्या, एक डोंगर. आणि परत आल्यावर सांगायला उरते ती बहुधा डोकेदुखी.

माचू पिक्चू पाहावेच, त्यात दुमत नाही. पण ज्यांच्या पूर्वजांनी ते बांधले ते लोक अजून त्याच डोंगरांत राहतात, तीच शेते कसतात, तशीच लोकर विणतात आणि एके ठिकाणी तर पूर्वजांसारखाच गवताचा पूल दर वर्षी नव्याने बांधतात. पेरूत पाहण्यासारखे जे आहे त्यातले निम्मे दगडांत आहे आणि निम्मे या माणसांच्या हातांत. त्या दुसऱ्या निम्म्यासाठी सवड ठेवून प्रवास आखावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या देशाचे तीन लांबट पट्टे पडतात. समुद्रालगत वाळवंट, मधे अँडीज पर्वताच्या रांगा आणि पलीकडे अ‍ॅमेझॉनचे अरण्य. राजधानी लिमा पहिल्या पट्ट्यात आहे. फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सरदाराने ती १५३५ साली वसवली. किनाऱ्याजवळून वाहणाऱ्या समुद्राच्या थंड प्रवाहामुळे या शहरावर वर्षातले कित्येक महिने धुके दाटून राहते, पाऊस मात्र पडल्यात जमा नाही. भारतातून थेट विमान नसल्याने प्रवासी इथे उतरतो तो अगदी शिणून. तेव्हा दोन दिवस इथे विसावा घ्यावा, आणि त्यातली एक अख्खी सकाळ लार्को संग्रहालयाला द्यावी. इंकांच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या मोचे लोकांची मातीची भांडी तिथे आहेत. त्यांतल्या कित्येकांना माणसांचे चेहरे आहेत. कुणी हसरा, कुणी रुसलेला, कुणी एका डोळ्याने आंधळा. तिथेच ‘किपू’ पाहावयास मिळतात. एका आडव्या दोरीला लोंबणाऱ्या कित्येक दोऱ्या आणि त्यांना मारलेल्या गाठी, एवढेच त्यांचे रूप. इंकांना आपल्या अर्थाची लिपी नव्हती. एवढ्या मोठ्या साम्राज्याची शिरगणती, कोठारांतले धान्य, वसूल, सगळा हिशेब या गाठींवर चाले. एकं, दहं, शतं यांच्या गाठी दोरीवर वेगवेगळ्या उंचीवर मारीत. आकड्यांच्या गाठी विद्वानांना वाचता येतात. काही किपूंत आकड्यांपलीकडचा मजकूरही असावा असे मानतात, पण तो अजून उलगडलेला नाही.

लिमाच्या उत्तरेस सुपे नदीच्या खोऱ्यात काराल हे स्थान आहे. आपल्याकडे सिंधूच्या काठी नगरे उभी राहत होती, त्याच सुमारास, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, या ओसाड खोऱ्यात लोक दगडमातीचे उंच चौथरे रचीत होते. गवताच्या जाळीदार पिशव्यांत दगड भरून त्या भरावात घालण्याची त्यांची रीत होती. भूकंपाच्या धक्क्याने चौथरा फुटू नये म्हणून ही युक्ती, असे संशोधकांचे म्हणणे आहे. गवताचा हा धागा पुढे पुन्हा आपल्या हाती येणार आहे.

दक्षिणेस नाझकाच्या वाळवंटात जमिनीवरचे काळपट दगड बाजूला सारून काढलेल्या प्रचंड आकृत्या आहेत: पक्षी, माकड, कोळी. त्या नीट दिसतात त्या लहान विमानातून, आणि ते विमान प्रत्येक आकृतीवर एकदा उजवीकडे नि एकदा डावीकडे कलते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी या वाटेस जाऊ नये. मारिया रायखे या जर्मन गणितज्ञ बाईंनी आपले आयुष्य या रेषांच्या मोजणीत आणि रक्षणात घालवले. १९९८ साली त्या वारल्या. त्यांच्या आधीच महामार्ग बांधणाऱ्यांनी एका सरड्याच्या आकृतीचे दोन तुकडे केले होते. अ‍ॅमेझॉनच्या अरण्यासाठी निराळा आठवडा हवा. विमानातून उतरून दोन रात्री राहण्यात अरण्य पाहिल्याचे समाधान मिळते, अरण्य दिसत नाही.

आता उंचीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पेरूच्या प्रवासात पुष्कळांचा बेत फसतो तो इथेच. इंकांची राजधानी कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर दुसरे कळसूबाई ठेवले तरी कुस्को त्याच्या थोडे वरच राहील. लिमाच्या किनाऱ्यावरून विमानाने तासाभरात एवढ्या उंचीवर आणून सोडल्यावर शरीराने तक्रार केली तर नवल ते काय! डोके दुखते, धाप लागते, जेवण जात नाही, झोप येत नाही. तरुण आणि व्यायामाच्या माणसालाही हा त्रास होतो, त्यात कमीपणा काही नाही. म्हणून उतरल्या दिवशीच कुस्को पाहण्याचा हट्ट न धरता मोटारीने सरळ उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, पाच-सहाशे मीटर खाली जावे. तिथे दोन-तीन रात्री राहून, माचू पिक्चू पाहून, मग कुस्कोत परतावे. माचू पिक्चू कुस्कोहून जवळजवळ हजार मीटर खालीच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिले दोन दिवस पायऱ्या चढू नयेत, हलके खावे, पाणी पुष्कळ प्यावे. त्रास उतरण्याऐवजी वाढत गेला तर हॉटेलात पडून न राहता खालच्या गावी उतरावे. त्यासारखा उपाय नाही. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. कोकाच्या पानांचा काढा तिथे घरोघर आणि हॉटेलांतून सर्रास मिळतो. तो तिथेच प्यावा, पाने बरोबर आणू नयेत. आपल्या देशाच्या कायद्याने ती निषिद्ध आहेत.

ज्यांना अधिक दिवस आहेत त्यांनी उंची पायरीपायरीने चढावी हे उत्तम, आणि त्या वाटेवर अरेकिपा हे नगर लागते. उंची सुमारे २,३०० मीटर, मागे मिस्ती ज्वालामुखीचा रेखीव सुळका, आणि त्याच्याच भावंडांच्या राखेपासून बनलेल्या पांढऱ्या दगडांत बांधलेले सारे गाव. इथला सांता कातालिना मठ १५७९ सालचा. जोगिणींचा हा मठ म्हणजे गावातले एक लहानसे गावच. लाल-निळ्या भिंतींच्या गल्ल्या, चौक, ओळीने मांडलेल्या दगडी-मातीच्या कुंड्यांचा धोबीघाट. चारशे वर्षे बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकता येत नव्हते. १९७० साली तो लोकांसाठी खुला झाला. अरेकिपाहून कोल्का दरीत काँडोर गिधाडे पाहण्यास जातात. सकाळी ऊन तापू लागले की दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यावर ही गिधाडे पंख न हलवता आपल्या डोळ्यांच्या पातळीवरून तरंगत जातात; पंखांचा पसारा तीन मीटरांचा. मात्र त्या रस्त्यावर ४,९०० मीटर उंचीची एक खिंड ओलांडावी लागते, हे आधी जाणून असावे.

कुस्कोत पाहायचे काय? आम्ही म्हणू, भिंती. इंकांचे साम्राज्य पिझारोने बुडवले. १५३२ साली काहामार्का येथे त्याने इंका राजा आतावाल्पा याला दग्याने धरले, सुटकेसाठी खोली भरून सोने घेतले आणि पुढल्या वर्षी त्याला ठार केले. कुस्कोतले राजवाडे व देवळे पाडून त्यांच्याच जोत्यांवर स्पॅनिश लोकांनी आपले वाडे व चर्चे उभारली. कोरिकांचा हे सूर्याचे मुख्य मंदिर. त्याच्या भिंतींवर सोन्याचे पत्रे होते. ते ओरबाडून झाल्यावर तिथे सांतो दोमिंगो मठ बांधला गेला. २१ मे १९५० रोजी कुस्कोला भूकंप झाला, आणि मठ मोठ्या प्रमाणावर ढासळला. त्याच्या पोटातून बाहेर आल्या त्या इंकांच्या भिंती, जागच्या न हललेल्या. चुना नाही, माती नाही. दगडाला दगड असा घासून बसवलेला की सांध्यात सुरीचे पाते शिरत नाही. भिंती किंचित आत कललेल्या, दारे-कोनाडे खाली रुंद व वर अरुंद. आज मठाची कमान आणि मंदिराची भिंत एकाच अंगणात शेजारी शेजारी उभ्या आहेत. या दृश्यापुढे आमचा बराच वेळ गेला. मार्गदर्शक घाई करीत होता. त्याला पुढे जाऊ दिले.

शहरालगतच्या टेकडीवर साक्सायवामान येथे याच कसबाचे राक्षसी रूप दिसते. त्या नागमोडी तटातले काही दगड शंभर टनांहून जड आहेत, आणि ओढायला बैल-घोडे नव्हते, गाडीचे चाक नव्हते. लामा हा त्यांचा भारवाही पशू फार तर पंचवीस-तीस किलो ओझे वाहतो. माणसांनी दोरखंड लावून हे दगड ओढले. ‘आकाशातून कोणी आले होते’ असल्या गप्पा मारणारी पुस्तके पुष्कळ खपतात. ज्यांनी ते दोर वळले आणि ओढले त्यांच्या वंशजांना त्या ऐकून काय वाटत असेल, याचा विचार लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. याच मैदानावर दर वर्षी २४ जूनला ‘इंती रायमी’ हा सूर्याचा उत्सव होतो. स्पॅनिश राजवटीने तो बंद पाडला होता. १९४४ पासून तो नाट्यरूपाने पुन्हा सुरू झाला. तो रचताना आधार घेतला गेला इंका गार्सिलासो याच्या लिखाणाचा. हा १५३९ साली कुस्कोत जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजकुळातली. विशीत स्पेनला गेला तो परत आला नाही, पण आईच्या माहेरी ऐकलेल्या कथा त्याने म्हातारपणी लिहून काढल्या आणि १६०९ साली त्या लिस्बनला छापून निघाल्या.

खोऱ्यातली पिसाक व ओयांतायताम्बो ही गावे वाटेवरची म्हणून उरकू नयेत. ओयांतायताम्बोत इंकांनी आखलेल्या गल्ल्यांतून आजही लोक राहतात आणि गल्लीच्या कडेने त्यांनी खोदलेल्या पाटातून पाणी वाहते. मारासला डोंगरउतारावर खाऱ्या झऱ्याचे पाणी हजारो लहान वाफ्यांत खेळवून गावची कुटुंबे मीठ काढतात. प्रत्येक घराचे वाफे ठरलेले. चिंचेरोच्या बायका कमरेला माग बांधून अंगणात विणतात. महेश्वरचे माग पाहिलेल्या आम्हा इंदूरकरांना सूत, रंग, काठ यांचे हे वेड परके वाटत नाही. परंतु इथे ना खड्डा ना चौकट, मागाचे एक टोक खुंटाला आणि दुसरे विणणारीच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा ताणला जातो.

ओयांतायताम्बोहून आगगाडी नदीकाठाने माचू पिक्चूच्या पायथ्याशी जाते. चालण्याची उमेद असणाऱ्यांसाठी चार दिवसांची इंका पायवाट आहे; तिचे परवाने मर्यादित असतात आणि दर फेब्रुवारीत ती दुरुस्तीसाठी बंद असते. माचू पिक्चूची तिकिटेही ठरावीक वेळेची व ठरावीक मार्गाची असून मोसमात फार आधी संपतात. मे ते सप्टेंबर कोरडे दिवस. जून-जुलैत गर्दी फार. पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाच्या काळी हे नगर बांधले गेले आणि स्पॅनिश लोकांच्या हाती ते लागले नाही. २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने ते ‘शोधून काढले’ असे छापले जाते. तो वर पोहोचला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबे राहत होती, त्यांनी त्याला पाणी पाजले, आणि त्याच घरचा एक मुलगा त्याला अवशेष दाखवीत पुढे चालला. त्याच्या नऊ वर्षे आधी लिसार्रागा नावाच्या स्थानिक गृहस्थाने तिथल्या भिंतीवर आपले नाव लिहून ठेवले होते. शोध कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

सगळे त्या प्रसिद्ध देखाव्यासाठी वर धावतात. तो पाहून झाल्यावर पायांखाली पाहावे. इथे वर्षाला सुमारे दोन मीटर पाऊस पडतो, उतार तीव्र, भूकंपाचा प्रदेश. तरी नगर जागेवर आहे, ते त्याखालच्या भरावामुळे आणि पाणी वाहून नेणाऱ्या शेकडो मोऱ्यांमुळे. शेतांच्या प्रत्येक पायरीत खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर नदीकाठची माती, असे थर आहेत. झऱ्याचे पाणी एका अरुंद पाटाने येऊन सोळा कुंडांतून पायरीपायरीने उतरते, आणि ते आजही वाहते. इंतिवाताना नावाच्या कोरीव खडकाचा कोपरा २००० साली एका बिअरच्या जाहिरातीचे चित्रीकरण चालू असताना यंत्र आदळून तुटला. पाच शतकांच्या भूकंपांनी जे केले नाही ते एका दुपारी झाले.

कुस्कोहून दक्षिणेस तितिकाका सरोवर, उंची ३,८१२ मीटर. बोरूच्या तरत्या बेटांवर हल्ली दुकानदारी फार. तिथे तास दोन तास पुरेत. ताकिले बेटावर मात्र एक रात्र राहावे. धक्क्यावरून गावापर्यंत पाचशेंहून अधिक पायऱ्या आहेत, रस्ता नाही, मोटार नाही. इथे सुया घेऊन विणतात ते पुरुष. चालता चालता, गप्पा मारता मारता. डोक्यावरच्या विणलेल्या टोपीवरून माणूस लग्नाचा की बिनलग्नाचा ते कळते. मुलगा लहानपणीच विणायला शिकतो.

याच सरोवराच्या परिसरात सात-आठ हजार वर्षांपूर्वी माणसाने बटाटा लागवडीस आणला. पेरूत आज बटाट्याच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. जांभळ्या, काळ्या, गाठाळ, बोटासारख्या. पिसाकच्या बाजारात एकेका बाईपुढे दहा-बारा प्रकारचे ढीग असतात. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, दिवसा ऊन लागले की पायांनी तुडवून पाणी काढतात आणि वाळवतात. हे ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकते. आपल्या उन्हाळ्यातल्या बटाट्याच्या किसाचा हा थोरला भाऊच. तिकडे काम उन्हाइतकेच दहिवराकडूनही करून घेतात. आपल्या एकादशीच्या ताटाकडे या निमित्ताने एकदा पाहावे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, वर हिरवी मिरची: सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी यांतले एकही आपल्या देशात नव्हते. शाकाहारी माणसाने म्हणूनच पेरूत उपाशी राहण्याचे कारण नाही. मात्र ‘मांस नको’ म्हटल्यावरही सारात कोंबडीचे पाणी असू शकते. ते निराळे विचारावे. ‘कुय’ नावाचा उंदरासारखा प्राणी तिथे सणासुदीला खातात. कुस्कोच्या मुख्य चर्चमध्ये येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रातही ताटात तो आहे, तेव्हा नाक मुरडण्यात अर्थ नाही.

बाजारातल्या या बायका आपसांत बोलतात ती केचुआ भाषा, इंकांची. गिऱ्हाइकाशी स्पॅनिश, घरात केचुआ. १७८०-८१ च्या मोठ्या बंडानंतर स्पॅनिश सरकारने ही भाषा मोडून काढण्याचे हुकूम काढले, गार्सिलासोच्या पुस्तकावरही बंदी घातली. पेरूच्या सरकारने केचुआला राजभाषेचा दर्जा दिला तो १९७५ मध्ये. २०१७ च्या जनगणनेत ३७ लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. शहरांत मात्र आई नातवाशी केचुआ बोलते आणि नातू स्पॅनिशमध्ये उत्तर देतो. बाजारात हिंदी आणि घरात मराठी बोलणाऱ्या आमच्या घरांना यावर वेगळे भाष्य नको.

आणि आता तो पूल. कुस्कोच्या दक्षिणेस मोटारीने तीन-चार तासांवर अपुरिमाक नदीच्या घळीवर केस्वाचाका नावाचा पूल आहे. लांबी सुमारे अठ्ठावीस मीटर, आणि सबंध पूल गवताचा. इंकांच्या काळी त्यांच्या हजारो कोसांच्या रस्त्यांवर असे पूल जागोजाग होते. आज वापरात राहिलेला हाच. गवत वर्षभरात कुजते, म्हणून चार गावांचे लोक दर वर्षी जूनमध्ये तो नव्याने बांधतात. प्रत्येक घरातून ठरल्या मापाची दोरी यावी लागते. गवत ओले करून, ठेचून, बायका बारीक दोऱ्या वळतात. त्यांच्यापासून जाड दोऱ्या, आणि जाड दोऱ्यांची वेणी घालून माणसाच्या मांडीएवढे दोरखंड. पहिल्या दिवशी डोंगरांना आणि धरणीमातेला नैवेद्य होतो, मग घळीच्या दोन्ही काठांवर माणसे ओळीने उभी राहून दोरखंड ओढून ताणतात. शेवटच्या दिवशी जाणते कारागीर दोन्ही टोकांनी अधांतरी बसून कठड्याच्या दोऱ्या विणीत विणीत मध्यावर भेटतात. चौथा दिवस नाचगाण्याचा.

जवळच मोटारींसाठी पक्का पूल आहे. नदी ओलांडायला या गवताची गरज कोणालाच उरलेली नाही. २०१३ साली युनेस्कोने ही विद्या जगाच्या वारशात नोंदवली. २०२० च्या साथीत पूल बांधणे झाले नाही, आणि मार्च २०२१ मध्ये जुना पूल तुटून नदीत पडला. त्याच वर्षी जूनमध्ये चारही गावे पुन्हा जमली आणि दोन्ही काठांवर नुसते दगडी खांब उरले असताना त्यांनी पहिल्या दोरीपासून सुरुवात केली.

पूल बांधताना पाहायचा असेल तर जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास कुस्कोत असावे, आणि नेमके दिवस तिथे पोहोचल्यावर विचारून घ्यावेत. लोकर अंगावर हवीच. जागा ३,७०० मीटर उंचीवर आहे. एरवी गेले तरी पुलावरून चालता येते, गावकरी थोडे शुल्क घेतात. नवा पूल ताठ असतो आणि त्याला ताज्या गवताचा वास येतो. एप्रिल-मेमध्ये तो मधे झुकून एका बाजूला कललेला असतो, तेव्हा एका वेळी एकानेच जावे आणि दोन्ही हात कठड्याच्या दोरीवर ठेवावेत.